मातीचं इंजिन

आमच्या अंबादास भाऊजींनी घरात आणलेली एकही वस्तू आजवर तिच्या मूळ कामाला लागलेली नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी कपडे धुण्याचं मशीन आणलं. आणलं बायकोसाठी, म्हणजे कौसासाठी. तिनं आठवडाभर त्यात सुखानं कपडे धुतले. मग एका सकाळी भाऊजींनी मशीनचं झाकण उघडून आत डोकावलं, हाताची वीत एकदा आडवी आणि एकदा उभी लावली आणि म्हणाले, "बसते."

काय बसतं ते दुपारी कळलं. शिजवून वाळवलेली हळद त्या ड्रममध्ये गरगर फिरून पॉलिश होत होती. हंगाम संपल्यावर त्यांनी मशीन घासून-पुसून परत न्हाणीपाशी आणून ठेवलं, पण हळद ती हळद. तेव्हापासून त्या घरातली माणसं आदल्या दिवशीच लग्न लागल्यासारखी दिसतात. भाऊजींचे पायजमेसुद्धा.

एखादी वस्तू दिसली की ती दुसऱ्या कशात बसेल, एवढा एकच प्रश्न त्यांना पडतो. त्यासाठी त्यांना टेप लागत नाही. वीत, मूठ आणि चार बोटं एवढ्यावर त्यांचा सगळा कारखाना चालतो. एकदा आमच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, जोडा कसा वाटतो. भाऊजींनी मुलाकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "बसते. जरासं पॅकिंग लागंल." लग्न झालं, टिकलंही. पॅकिंग काय लागलं ते भाचीनं अजून सांगितलेलं नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तिरडी बांधणाऱ्यांना त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चार बोटं आखूड हाय. काकूचे पाय भाईर येतील." कुणी ऐकलं नाही. आले बाहेर.

भाऊजी माझे चुलत दीर. साठी ओलांडून त्यांना तीन-चार वर्षं झाली, मी त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. गोरेगावात सेनगावच्या रस्त्याला त्यांचं मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. विहिरीवरची जळलेली मोटार आणून टाकली की तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतात. राहायला मात्र शेतात. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. त्यांचा आखाडा आणि आमचा आखाडा यांच्यामध्ये एक बांध आणि एक बोरीचं झाड. त्यांचं घर चारी बाजूंनी पत्र्याचं. पत्रा का, तर म्हणे वीट एकदा बसली की हलत नाही, पत्रा काढून दुसरीकडं बसवता येतो.

आता त्यांच्या गाडीविषयी सांगायचं तर आधी मला माझ्याविषयी सांगावं लागेल, आणि ते काही फार शोभेचं नाही.

मी पंचविशीची होते तेव्हा आम्ही सगळे गावात राहत होतो, भिंतीला भिंत लागून. मी आठवी पास. गावात माझ्याहून जास्त शिकलेल्या तीनच बायका होत्या आणि त्या तिघीही शाळेत शिकवायला बाहेरून आलेल्या, म्हणून त्यांना मी मोजत नसे. पायात चप्पल घालून पाण्याला जाणारी मी गावातली पहिली सून. दुसरी कुणी झाली नाही, कारण पहिलीच चिखलात आडवी झालेली सगळ्यांनी बघितली होती.

त्याच सुमाराला भाऊजींनी जुनी मोटारसायकल घेतली. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच तेल घालायचं आणि मागून निळा धूर काढत जायचं. आवाज असा की आमच्या भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी तिरप्या व्हायच्या. माझा मोठा मुलगा तेव्हा पाळण्यात. गाडी गल्लीत शिरली की तो दचकून उठायचा. सासूबाई म्हणायच्या, "उठला तर उठला, पाज अन् निजव." पण मी आठवी पास. मी अर्ज लिहिला.

सरपंच साहेबांचे सेवेशी. विषय अमुक. महोदय, उपरोक्त यंत्राच्या कर्णकर्कश ध्वनीमुळे अर्जदाराचे अर्भक वारंवार दचकते, तरी सदर ध्वनीचा बंदोबस्त होणेस विनंती. खाली सही, सहीखाली दोन रेघा. पंचायतीत तो तीनदा वाचला गेला असं आमच्या ह्यांनी येऊन सांगितलं. कुणालाच पुरता कळला नाही, म्हणून सगळे घाबरले. शेवटी ठरलं की अंबादासनं शाळेच्या वळणावर इंजिन बंद करायचं आणि तिथून घरापर्यंत गाडी ढकलत आणायची.

भाऊजींनी एका शब्दानं भांडण केलं नाही. त्या संध्याकाळपासून वळणावर आवाज तुटायचा आणि थोड्या वेळानं घाम पुसत, गाडी ढकलत ते गल्लीत यायचे. मी जिंकले होते. इतका आनंद झाला की झोपलेल्या लेकराला उठवून मी ती बातमी सांगितली.

कौसा तेव्हा नवी नवरी. तिला वाईट वाटलं असेल अशी शंका मला यायला चार-पाच वर्षं लागली. विचारलं तर हसली. म्हणाली, "आक्का, तुमच्या अर्जानं माजं बरंच झालं. गाडी गावाजवळ आली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. वळणावर आली की थांबायच्या. थांबल्या की मी च्या टाकायची. हे ढकलत दारात येईपर्यंत च्याला बराबर उकळी."

माझ्या सहीखालच्या दोन रेघांचा असा उपयोग झालेला मला आवडला नव्हता.

पुढं गाडी म्हातारी झाली. टाकी गंजली, फ्रेम मोडली. तिच्यावर कौसानं कारल्याचा वेल चढवला. इंजिन कुठं गेलं ते मी विचारलं नाही. भंगारात गेलं असेल असं धरून चालले.

मग यंदाच्या होळीच्या सुमाराला भाऊजी हिंगोलीहून जीपच्या टपावर एक जनावर बांधून घेऊन आले. डर्ट बाईक म्हणतात तिला. घोड्याएवढी उंच, ढुंगण वर करून उभी, आणि चाकांना मक्याच्या कणसासारखे दाणे. एका गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, मुलानं हौसेनं घेतली होती. पाणी उडवत नदी ओलांडायची म्हणून नरसीजवळ कयाधूत घातली, इंजिन पाणी प्यालं आणि आतला दांडा वाकला. भाऊजींनी त्या गुत्तेदाराच्या दोन मोटारी भरून दिल्या आणि मजुरी म्हणून ही इंजिन नसलेली गाडी मागून आणली.

मी बांधावरून बघायला गेले. भाऊजी सीटजवळ उभे होते आणि सीट त्यांच्या छातीला लागत होती.

"भाऊजी, वर चढायला शिडी देते का संगं?"

"वट्ट्यावरून चढतो, वैनी."

"अन् उतरायचं?"

"उतरायला बी वट्टाच."

"अन् मधी कुठं थांबायचं झालं तर?"

"मधी थांबायचं कशाला?"

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे असं. मी विचारलं, इंजिन कुठाय. तर ते आत गेले आणि रुखवतात आलेली कौसाची लोखंडी पेटी दोघांनी मिळून ओढत बाहेर आणली. झाकण उघडलं. आत हिरवं लुगडं, कौसाचंच. लुगड्याच्या घड्या सोडल्या तर त्यात ते इंजिन. दोन सिलिंडरचं, तेलानं माखलेलं, बाळंतिणीच्या पोरासारखं गुंडाळलेलं. बाईची लुगडी दोरीवर आणि इंजिन पेटीत, असा त्या घरातला बंदोबस्त इतकी वर्षं चालला होता आणि मला शेजारी राहून पत्ता नव्हता.

भाऊजींनी इंजिनावर वीत ठेवली, फ्रेममध्ये वीत ठेवली. "बसते."

मी दोन्हीकडं बघितलं. फ्रेममध्ये जागा कोंबडीएवढी आणि इंजिन शेळीएवढं.

आता हा खटाटोप कशासाठी, तर पावसाळ्यासाठी. डांबरी रस्त्यापासून आमच्या आखाड्यांपर्यंत दोनेक किलोमीटरची वाट आहे, निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात तिच्यावर काहीही चालतं. एकदा ओली झाली की साधी मोटारसायकल शंभर पावलं येते, मग चाकात माती भरून जागच्या जागी उभी राहते. भाऊजींची आत्ताची गाडी शिवणयंत्रासारखी पुरपुरणारी, हलकी. पाऊस लागला की ते दुकानातच मुक्काम करतात. आधी त्याचं काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी कौसाला ताप आला, पंधरा दिवस राहिला, आणि जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. मागच्या पावसाळ्यात एकदा सलग नऊ दिवस भाऊजींना येता आलं नाही. नऊ दिवस कौसा, चार शेळ्या आणि मी. त्यातली ऐकू येणारी मी आणि शेळ्या.

कानाचं यंत्र भाऊजींनी आणून दिलं होतं. कानात मुंग्या चालतात म्हणून तिनं ते मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत ठेवलं. ऐकू येत नाही याचं तिला फारसं दुःख नव्हतं. "काय ऐकायचं ऱ्हायलंय, आक्का," असं मोठ्यानं म्हणायची. पण दचकायची फार. माणूस मागून आलेलं तिला कळायचं नाही. एकदा भाऊजी संध्याकाळी घरात शिरले, ती चुलीपुढं दाराकडं पाठ करून बसलेली. वळून बघते तर मागं माणूस. हातातलं दुधाचं पातेलं पायावर. महिनाभर पाय धरून बसली.

तेव्हापासून ती दाराकडं पाठच करीत नसे. भाकरी करायची तरी तव्याकडं लक्ष नाही, मान दाराकडं. मी आपली मनात म्हणायची, म्हातारपणी बाईला नवऱ्यावर पहारा ठेवायची हौस आली. तशीही माझी समज उशिराच येते, हे एव्हाना कळलं असेल.

भाऊजींनी त्यावर आपल्या परीनं उपाय केले. आधी लांबूनच खडा मारून बघायचे. खडा तिच्यापुढं पडला की तिला कळावं. खडा शेळीला लागला. मग मोटारसायकलचा आरसा काढून चुलीमागच्या पत्र्यावर बसवला, म्हणजे चुलीपुढं बसून मागचं दार दिसेल. चार दिवसांत धुरानं काळा झाला. कौसा पुसायची, कुंकू लावून घ्यायची, परत दाराकडं तोंड करून बसायची.

तर मृगाच्या आत गाडी उभी करायची, एवढंच भाऊजींच्या डोक्यात होतं. पाऊस लागायच्या आत इंजिन बसलं तर यंदा ते रोज घरी येणार होते. नाही बसलं तर परत दुकानातला बाक.

वेल्डिंगचं काम मुनीर मिस्त्रीकडं. गोरेगावातच त्याचं दुकान. माणूस सज्जन, पण पाठीनं अधू. इंजिन चाळीसेक किलोचं. ते फ्रेममध्ये घालून बघायचं, खुणा करायच्या, काढायचं, फ्रेम कापायची, परत घालायचं. तिसऱ्या खेपेला मुनीर कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "चाचा, इंजिन बैठेगा कि नहीं अल्ला जाने, मैं जरूर बैठ जाऊंगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आमच्या दारात.

"वैनी, तुमी पोळ्याचे बैल करता का न्हाई?"

"करते की. गावातून मागायला येतात."

"मंग एक इंजिन करून द्या."

मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. अगदी खऱ्या मापाचं, पण मातीचं, आतून पोकळ. म्हणजे उचलायला हलकं. ते फ्रेममध्ये ठेवून सगळी मापं घ्यायची, कापाकापी करायची आणि खरं इंजिन शेवटी एकदाच बसवायचं. युक्ती नामी होती. आणि माझ्या हाताची कुणी तारीफ केली की मी काय वाटेल ते करते. पंचविशीतही तसंच होतं, फक्त तेव्हा तारीफ करणारे जास्त होते.

चार दिवस मी ते इंजिन करत होते. चिकणमातीत भुसा कालवला. भाऊजी सुतळीला गाठी मारून मापं द्यायचे, मी हात फिरवायची. सिलिंडरवरच्या पट्ट्या मी कंगव्यानं ओढल्या. गिअरच्या बाजूचं पोट गोल आलं. काम संपल्यावर हात शिवशिवत होते म्हणून वरच्या अंगाला दोन कवड्या लावल्या, डोळ्यांसारख्या. ते इंजिन माझ्याकडं बघायला लागलं. कौसा येऊन बघून गेली आणि जाताना त्याला हळदकुंकू वाहून गेली. भाऊजींनी वीत लावली, चार बोटं लावली. "बराबर. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई."

वैशाखातलं ऊन. आठ दिवस वाळवलं, भेगा पडल्या तिथं लिंपलं, आणि दोघी बायकांनी उचलून ते जीपमध्ये ठेवलं. मुनीरनं त्याच्या मापानं फ्रेम कापली, खालचे पाइप नव्यानं वळवले, इंजिन धरणाऱ्या पट्ट्या जोडल्या. मातीचं इंजिन असं बसलं जसं तिथंच जन्मलं होतं. मग खरं इंजिन उचललं.

नाही बसलं. दोन बोटांनी नाही बसलं.

भाऊजींनी आधी खऱ्या इंजिनाला वीत लावली. मग मातीच्या. मग परत खऱ्या. मी तिथंच बसले होते, कौतुक करून घ्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वैनी, पोळ्याचा बैल वाळल्यावर किती बारका होते?"

"व्हते की बोटभर."

"हा बैल मोठा व्हता."

"मंग दोन बोटं व्हईल."

त्यांनी स्वतःची दोन बोटं जोडून डोळ्यांपुढं धरली. मग म्हणाले, "तर मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं काहून न्हाई?"

असं म्हणाले खरी, पण कानशिलं गरम झाली. कारण ही चूक मी पहिल्यांदा करत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला आठवी पास सुनेनं मातीचे बैल केले होते आणि ओल्या बैलांच्या मानेचं माप घेऊन सुताराकडून लाकडी जू करून आणलं होतं, माहेरी करत नाहीत असं काहीतरी करून दाखवावं म्हणून. पोळ्याच्या दिवशी पूजेला बसलो तर बैल वाळून बारीक झालेले आणि जू त्यांच्या गळ्यातून खाली पायांत. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बैलांनी पायजमे घातले का काय गं?" चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी ते विसरायचा सराव करत होते. इतका चांगला सराव झाला की खरंच विसरले.

मुनीर म्हणाला, दुसऱ्यांदा कापली तर फ्रेममध्ये जीव राहणार नाही. "चाचा, एक बार काटा, जोडा, ठीक. फिर से काटा तो खड्डे में दो टुकड़े."

भाऊजी मातीच्या इंजिनाशेजारी खाली बसले. मृगाला बारा-तेरा दिवस उरले होते. मी त्यांना कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं. हात मांडीवर, वीत मिटलेली. एकदा म्हणाले, "यंदा बी बाकावर." मला नाही, त्या कवड्यांना.

मी उठून घरी जायला पाहिजे होतं. पण आता माझीच माती होती, तेव्हा डोकं चालवायला लागलं. माझ्या माहेरी गाड्याच्या चाकावर लोखंडी धाव चढवायचे ते मला आठवलं. लाकडी चाक मोठं, धाव त्याहून जरा लहान. गोवऱ्यांचा गोल रचायचा, धाव त्यात लाल होईपर्यंत तापवायची, मग ती वाढते, चिमट्यांनी धरून चाकावर घालायची, पाणी ओतायचं. लोखंड तापवलं की ऐकतं, एवढं मला आठवी पास व्हायच्या आधीपासून माहीत होतं.

"कापू नका," मी म्हणाले. "तापवा अन् फाकवा."

मुनीर माझ्याकडं बघतच राहिला. भाऊजींची वीत हळूहळू उघडली.

दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यावर गोवऱ्या मी रचल्या. ते माझं प्रायश्चित्त. फ्रेमचे खालचे दोन पाइप तेवढे विस्तवात येतील अशी ती आडवी टाकली. लाल झाल्यावर मुनीरनं मध्ये ट्रॅक्टरचा जॅक लावला आणि भाऊजी बोटं धरून ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, अजून एक सूत, बास." थंड व्हायला दुपार गेली. मग चौघांनी मिळून इंजिन उचललं, चौथी मी. ते आत सरकलं, जरासं कुरकुरलं आणि बसलं.

"खाला, आप तो इंजिनियर निकले," मुनीर म्हणाला. मी लाजले. पंचविशीत लाजायचे तसंच लाजले, फक्त आता दात कमी दिसतात.

पुढचं सगळं भाऊजींनी त्यांच्या पद्धतीनं बसवलं. नव्या गाडीचा मागचा मोठा स्प्रिंग नेमका जिथं असतो तिथंच जुन्या इंजिनाचे दोन कार्ब्युरेटर येत होते, तर ते दोन बाजूंना वळवले, बैलाच्या शिंगांसारखे. धुराचे दोन नळे सीटखालून नेले. नळा मांडीला भाजू नये म्हणून मध्ये कौसाचा जुना तवा कापून लावला. पेट्रोलमध्ये तेल घालायला कौसाचीच पळी. त्या बाईच्या स्वयंपाकघरातून दर दिवशी एकेक भांडं गाडीत जात होतं आणि ती काही बोलत नव्हती.

फक्त एका गोष्टीवर भाऊजी अडले. मुनीर म्हणाला, आवाज फार होईल, नळ्यांना पुढं सायलेंसर लावू. भाऊजी म्हणाले, नको. मुनीरनं परत सांगितलं. नको. मला तर मोका मिळाला.

"या वयात एवढा आवाज कशाला, भाऊजी? गावातल्या बायांनी वळून वळून बघावं म्हणून?"

भाऊजी पाना आवळत होते. वर न बघता म्हणाले, "न्हाई वैनी. एका बाईनं वळून बघू नये म्हणून."

मला काही उमगलं नाही. उन्हात जास्त वेळ बसले, असं मनात म्हणाले.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं त्या सकाळी बांधापलीकडं धनगराची मेंढरं बसलेली होती. ती सगळी एकदम उठली आणि सेनगावच्या दिशेनं निघाली. धनगर मागं पळताना काय बोलत होता ते त्या आवाजात ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. निळा धूर बोरीच्या झाडात अडकून राहिला. भाऊजी ओट्यावरून चढले आणि गेले. परतताना ओट्यापर्यंत न येता बांधावर टेकून उतरले.

दोन दिवसांनी पाऊस लागला. दुपारभर पडून उघडला. संध्याकाळी मी कौसाकडं गेले होते. वाट ओली, काळी, चिकट. कोणतीही गाडी येण्यासारखी नव्हती. कौसा नेहमीसारखी दाराकडं तोंड करून बसलेली, मांडीवर परात, परातीत तुरीची डाळ. निवडत होती आणि दर दोन-चार दाण्यांनंतर दाराकडं बघत होती. मी तिच्या समोर, पत्र्याला पाठ लावून.

मला आवाज आधी ऐकू आला. फार लांबून. मी सांगू शकले असते, हातानं खूण केली असती. पण मी खोडकर बाई, मला बघायचं होतं. मी गप्प बसले.

आवाज जवळ आला. माझ्या पाठीमागचा पत्रा थरथरायला लागला. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागल्या. त्या तिला ऐकू येणार नव्हत्या. मग परातीतली डाळ हलली. आधी कडेचे चार दाणे, मग सगळीच डाळ, उड्या मारत मधोमध गोळा व्हायला लागली. कौसाचं बोट जिथल्या तिथं थांबलं. तिनं परातीकडं बघितलं. मग उजवा हात लांब करून तळवा पत्र्यावर ठेवला, लेकराच्या छातीवर ठेवावा तसा, आणि तशीच बसून राहिली.

एकदम सगळं थांबलं. पत्रा थांबला, डाळ थांबली. भाऊजींनी बोरीच्या झाडापाशी इंजिन बंद केलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं. तिथून घर पन्नास-साठ पावलं.

"वळणावर आले," कौसा म्हणाली. शेळ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

ती उठली. परात बाजूला ठेवली. चुलीपाशी गेली, चहाचं भांडं चढवलं, आणि दाराकडं पाठ करून, मांडी घालून बसली. एकदाही मान वळवली नाही. चुलीमागच्या पत्र्यावर आरसा नव्हता, नुसता गोल डाग होता. तो तिनंच काढून सकाळी भाऊजींच्या हातात दिला होता, गाडीला लावा म्हणून.

भाऊजी ती घोड्याएवढी गाडी चिखलातून ढकलत दाराशी आले. गुडघ्यापर्यंत माती, दम लागलेला. आत पाऊल टाकणार तोच त्यांना ती पाठ दिसली. ते उंबऱ्यातच थांबले. चहाला उकळी आली. कौसानं न वळता एक कप भरून मागं सरकवला, बरोबर त्यांच्या पायापाशी.

मी बांध ओलांडून घरी आले. उशिरा का होईना, मला सगळं उमगलं होतं, आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. साठी उलटलेला माणूस एवढं धूड रोज चिखलातून ढकलणार, आणि ते माझ्या अर्जामुळं. अर्जदाराचं ते अर्भक आता स्वतः दोन लेकरांचा बाप झालंय, पुण्याला असतं, दुपारी कशानंही उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी ओट्यावरून गाडीवर चढत होते, तेव्हा मी जाऊन सांगितलं. "भाऊजी, तो अर्ज मी मागं घेतला. आजपासून इंजिन बंद करू नका. पार दारापर्यंत चालू ठेवून या."

त्यांनी आरसा सारखा केला, पळीभर तेल टाकीत घातलं, पळी खिशात ठेवली.

"न्हाई, वैनी," ते म्हणाले. "मंग तिनं च्या कवा टाकायचा?"